दुसरा शनिवार

महिन्याचा दुसरा शनिवार म्हणजे न्यायालयाला सुट्टी. अशील त्या दिवशी फिरकत नाहीत, कारकून आपापल्या गावी जातात, आणि वकील नावाचा प्राणी घरच्या माणसांच्या वाट्याला थोडाफार येतो. माझ्या आयुष्यात मात्र २०१७ पासून या दिवसाला आणखी एक अर्थ चिकटला. त्या वर्षी माझा विवाह परस्परसंमतीने विसर्जित झाला. हुकूमनाम्याच्या चौथ्या कलमान्वये आमची मुलगी आईपाशी कलबुर्गीस राहावयाची. दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवार-रविवारी, गुढीपाडव्यास आणि उन्हाळ्याच्या निम्म्या सुट्टीत ती माझ्याकडे मन्नाएखेळ्ळीस यावयाची. गणेशचतुर्थी आईची. तिचे माहेर कारवारचे, घरची बोली कोंकणी. चवथीवाचून तिचे वर्ष साजरे होत नाही, हे मला ठाऊक होते. ते कलम मीच लिहिले होते, आणि त्यात कोठेही फट नाही असा मला अभिमान होता.

मन्नाएखेळ्ळी हे बीदर जिल्ह्याच्या दक्षिण अंगाचे, पुणे-हैदराबाद राजमार्गावरचे गाव. १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात होतो; त्यानंतर कर्नाटकात आलो. आमच्या घरात मराठी, बाजारात कानडी आणि वृद्धांच्या तोंडी अजून उर्दू कचेरीतले शब्द. माझ्या लेकीने या मिश्रणात आईची कोंकणी आणली. शनिवारी सकाळी मी कलबुर्गीस जाऊन तिला आणी. रविवारी संध्याकाळी तिची आई हुमनाबादच्या बसस्थानकापर्यंत येऊन तिला घेऊन जाई. सुमारे ८० किलोमीटरची ही ये-जा तीन वर्षे बिनचूक चालली. तेवढ्यात आम्हां दोघांत चार वाक्यांहून अधिक बोलणे क्वचितच होई. व्यवस्था चोख असली म्हणजे बोलावे लागत नाही, असे मी समजत होतो.

१० मार्च २०२० रोजी कलबुर्गीतील एक ७६ वर्षांचे गृहस्थ मृत्यू पावले. ते सौदी अरेबियाची यात्रा करून परतले होते. दोन दिवसांनी, १२ मार्चला, त्यांना कोरोनाची बाधा होती हे निश्चित झाले, आणि देशातील त्या रोगाच्या पहिल्या बळीची नोंद आमच्या शेजारच्या जिल्ह्याच्या नावावर झाली. माझी आईही त्या वेळी ७६ वर्षांचीच होती. १४ तारखेला दुसरा शनिवार होता.

१३ तारखेच्या संध्याकाळी मुलीच्या आईचा फोन आला. “उद्या तिला न्यायला येऊ नका,” ती म्हणाली. “इथं लोक घाबरले आहेत. शाळा बंद होताहेत. तिला प्रवास नको.”

वस्तुतः ते बोलणे साध्या काळजीचे होते. परंतु अठरा वर्षांच्या वकिलीने माझे कान बिघडवले होते. मुलांच्या ताब्याच्या दाव्यांत ताप, परीक्षा, पाहुणे, ग्रहण ही सारी भेट टाळण्याची निमित्ते म्हणून कशी वापरली जातात, हे मी पुष्कळ पाहिले होते. मी म्हणालो, “हुकूमनाम्यात महामारीचा अपवाद लिहिलेला नाही.”

क्षणभर पलीकडे शांतता होती. मग ती म्हणाली, “मग तो हुकूमनामा महामारीला दाखवा,” आणि तिने फोन ठेवला.

मला फार राग आला. रागाला एक तर्कही होता. रोग शहरात होता; गाव मोकळे होते. अशा वेळी मुलगी माझ्याकडे यावी हेच तिच्या हिताचे, उलट तिला शहरात अडकवून ठेवणे हा हट्ट, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. तिच्या आईला तितक्याच प्रामाणिकपणे उलट वाटत होते. दोघांनाही मूल सुरक्षित हवे होते. फक्त सुरक्षिततेचा पत्ता प्रत्येकाने आपापल्या घराचा दिला होता.

त्या रात्री मी नोटीस लिहावयास बसलो. हुकूमनाम्याची तारीख, कलम चार, त्याचा भंग, त्याचे परिणाम. लेखणी सवयीने चालत होती. “अज्ञान मुलीच्या हिताचा विचार करता” या शब्दांपाशी ती थांबली. हे शब्द प्रत्येक ताब्याच्या अर्जात असतात. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात मुलाच्या हिताचा विचार आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे तेरावे कलम तर अज्ञानाचे हित हीच सर्वोच्च बाब, असे स्पष्ट सांगते. मी हे शब्द शेकडो वेळा लिहिले होते. त्या रात्री मात्र त्यांच्यापुढे काय लिहावे हे सुचेना, कारण शेजारच्या खोलीत आई खोकत होती. खोकला तिच्या जुन्या दम्याचा होता. पण शहरातून येणारी नऊ वर्षांची मुलगी आल्याबरोबर आजीच्या कुशीत शिरते, ही गोष्ट मी नोटिशीत कोठेच धरली नव्हती.

दिवा जळताना पाहून आई उठून आली. “पोर उद्या येणार ना रे?” तिने विचारले. मी नाही म्हणालो, आणि का ते सांगितले. तिला राग येईल असे वाटले होते. ती उंबऱ्याशी बसली आणि तिने मला तिच्या आजीची गोष्ट सांगितली.

प्लेगाच्या साली आमच्या भागातील गावेच्या गावे घरे सोडून शेतात झोपड्या घालून राहत. आईची आजी तेव्हा सहा-सात वर्षांची. तिला मामाच्या शेतावर ठेवले होते. बाप मात्र गावातच, आजाऱ्यांची उठाठेव करीत. तो आठवड्यातून एकदा ओढ्याच्या पैलतीरी येई, एका दगडावर ज्वारीच्या पिठाचे गाठोडे ठेवी, लेकीच्या नावाने हाक मारी आणि परत जाई. पोर रडे, आपला बाप जवळ येत नाही, म्हणजे तो आपल्यावर रागावला आहे, असे तिला वाटे. “स्वतःला लेकरं झाल्यावर तिला तो दगड कळला म्हणे,” आई म्हणाली, आणि उठून झोपावयास गेली.

मी नोटीस पुरी केली नाही. ती फाडलीही नाही, कपाटात ठेवली. माणूस एका रात्रीत बदलतो असे मी लिहिले, तर ते खोटे होईल.

पुढचे दिवस सर्वांच्या स्मरणात आहेत. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली, आगगाड्या थांबल्या. २४ तारखेच्या रात्री घोषणा होऊन २५ पासून सारा देश टाळेबंदीत गेला. २५ मार्च म्हणजे नेमका पाडवा, हुकूमनाम्याप्रमाणे माझा सण. सकाळी गुढी उभारली आणि मोबाइलवर लेकीला दाखवली. तिने कलबुर्गीहून साखरेच्या गाठी मोजल्या. एक कमी भरली, ती मी खाल्ली असणार असा तिने ठपका ठेवला. आमच्या सीमाभागात गुढीही असते आणि कानडी रीतीचे बेवू-बेल्लही असते. कडुनिंब आणि गूळ एकत्र खाताना त्या दिवशी आईने नातीचा घास वेगळा काढून ठेवला.

टाळेबंदीतून सूट मिळालेल्यांच्या यादीत किराणा, दूध, औषधे, बँका, वीज ही सारी होती. दोन घरांत वाटून राहणाऱ्या मुलांसाठी कलम नव्हते. इंग्लंडात हाच प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला. तेथे २४ मार्चच्या सकाळी एका मंत्र्याने मुलांनी दोन घरांत ये-जा करू नये असे सांगितले आणि त्याच दिवशी आपले विधान मागे घेतले. कुटुंब न्यायविभागाचे अध्यक्ष सर अँड्र्यू मॅकफार्लेन यांनी त्याच तारखेस मार्गदर्शन प्रसिद्ध केले. मुलांना एका घरातून दुसऱ्या घरी नेता येईल, पण नेलेच पाहिजे असे नाही. आईबापांनी मुलाची प्रकृती, संसर्गाचा धोका आणि घरातील दुर्बल माणसे यांचा विचार करून ठरवावे. तात्पुरता बदल परस्परांत लिहून ठेवावा. आणि आदेशाचे अक्षर पाळता येत नसेल तेथे त्याचा हेतू दुसऱ्या सुरक्षित मार्गाने पाळावा, असा त्याचा आशय होता.

आपल्याकडेही न्यायालये मुकी राहिली नाहीत. टाळेबंदीच्या दोनच महिने आधी, जानेवारी २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एका निर्णयात भेटीच्या हक्काबरोबर संपर्काच्या हक्काचा उच्चार केला होता. ज्या पालकाकडे मूल राहत नाही, त्याला शक्यतो रोज पाच-दहा मिनिटे तरी मुलाशी बोलता आले पाहिजे, आणि आजच्या साधनांनी परस्परांना पाहत बोलणे अवघड नाही, असे त्यात म्हटले होते. एप्रिलमध्ये टाळेबंदीतील भेटींचाच प्रश्न त्या न्यायालयापुढे आला, तेव्हा प्रत्यक्ष भेटीऐवजी अशा साधनांनी संपर्क ठेवण्याचा मार्ग पालकांनी आपसांत शोधावा, असे त्याने सुचवले.

हे वाचले तेव्हा प्रथम मला ती कनवटीला बांधलेली खोटी नाणी वाटली. फोनच्या काचेत दिसणारी मुलगी ही काय भेट? पण त्याच दिवसांत माणिकनगरचा प्रभुमंदिराचा दरवाजाही भक्तांना बंद होता. आमच्या घराची तेथली वारी कधी चुकली नव्हती. आई रोज सकाळी त्या दिशेला तोंड करून हात जोडी, आणि देवाने आपल्याला टाकले असे तिच्या मनात येत नसे. देवळात जाता येत नाही म्हणून भक्ती थांबत नसेल, तर कलबुर्गीस जाता येत नाही म्हणून बापपण थांबावे असे काही नव्हते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मीच फोन केला. आम्ही दोघे पाऊण तास बोललो. विभक्त झाल्यापासून इतके कधी बोललो नव्हतो. मुद्रांक नाही, साक्षीदार नाहीत, अशा स्थितीत चार गोष्टी ठरल्या. रोज संध्याकाळी सातला, आईच्या दिवेलागणीच्या वेळी, मुलीने फोन करावा. त्या वेळी तिच्या आईने दुसऱ्या खोलीत असावे. मुलीच्या बोलण्यावर पहारा नको. दोन्ही घरांत कोणाला ताप-खोकला आला, तर त्याच दिवशी दुसऱ्याला कळवावे. आणि बुडालेल्या दिवसांचा विचार पुढे, जग मोकळे झाल्यावर करावा.

चौथी गोष्ट मी तोंडाने मान्य केली, मनाने नाही. माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर मी बुडालेले दिवस लिहून ठेवीत होतो: १४ मार्च, १५ मार्च, २५ मार्च, असे. मे महिन्याच्या अखेरीस बेरीज ३४ झाली. सावकाराच्या वहीत आणि त्या पानात फारसा फरक नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्चपासून दाव्यांच्या मुदती वाढवून दिल्या होत्या; बालपणाची मुदत वाढवून देणारे न्यायालय मात्र कोठेच नाही, या विचाराने मी ते पान भरत असे.

मे महिन्याच्या उत्तरार्धात बसगाड्या सुरू झाल्या. तरीही ६५ वर्षांवरील वृद्धांनी आणि १० वर्षांखालील मुलांनी घरातच राहावे, असे सरकार सांगत होते. माझी आई आणि माझी लेक एकाच वाक्यात आल्या होत्या. जूनमध्ये मी एकटाच कलबुर्गीस गेलो आणि तिच्या घराखाली अंगणात उभा राहिलो. ती सज्जात उभी होती. मी येताना कमलापूरची तांबडी केळी आणली होती. तिने दोरीला पिशवी बांधून ती वर ओढून घेतली. केळ्यांची पिशवी वर जात असताना मला ओढ्याकाठचा दगड आठवला.

१२ ऑगस्टला, बुधवारी, पहाटेच फोन वाजला. मुलीच्या आईची चाचणी बाधित आली होती. मुलीची नव्हती. तिला कोणीतरी घेऊन जाणे भाग होते, आणि ते कोणीतरी म्हणजे मीच. आता हक्काचा प्रश्न उरला नव्हता. पण माझ्या घरात ७६ वर्षांची, दम्याची आई होती, आणि बाधित व्यक्तीच्या निकटच्या माणसाने १४ दिवस वेगळे राहावयाचे होते. मी फोन हातात धरून उभा राहिलो. आईने सारे ऐकले होते. “माडी रिकामी आहे,” ती म्हणाली. “तू आणि पोर वर राहा. मी जेवण पायरीवर ठेवीन. आमच्या आजीचा बाप ओढा ओलांडत नव्हता. आपण जिना ओलांडू नये, झालं.”

गाडीच्या चारही काचा उघड्या ठेवून, मुखपट्टी बांधून मी लेकीला आणले. ती मागच्या आसनावर होती. वाटेत एकदाच तिने विचारले, “आईला शिक्षा झाली का?” मी म्हणालो, “नाही. तिला बरे व्हायचे आहे, म्हणून तुला माझ्याकडे पाठवले.” तिने पुन्हा काही विचारले नाही, पण मानेवर वारा येत होता तरी काच वर करू का, असेही ती म्हणाली नाही. मुले फार लवकर शहाणी होतात, आणि त्याचे कौतुक करताना आपण थोडे लाजावयास हवे.

चौदा दिवस माडीवर मी आणि ती. खाली ओसरीत आई. ताट पायरीवर ठेवून आई हाक मारी आणि दूर होई. मग आम्ही उतरून ताट उचलीत असू. दोघी ओसरी आणि जिना यांच्या अंतरावरून तासन्‌तास बोलत. त्यातच २२ ऑगस्टला चवथ आली. हुकूमनाम्याने आईची असलेली चवथ मुलगी माझ्याकडे काढत होती, जसा माझा पाडवा तिने आईकडे काढला होता. लेकीने शेतातल्या काळ्या मातीचा गणपती केला. सोंड दोनदा गळून पडली. तिची आई नुकतीच उपचार संपवून घरी परतली होती. मी पूजेच्या वेळी तिला फोन लावला आणि म्हणालो, “ही चवथ तुझी आहे. मी फक्त पाट मांडला आहे.” पुढचा अर्धा तास मायलेकी कोंकणीत बोलल्या. मला सगळे समजले नाही, आणि ते समजावे अशी इच्छाही झाली नाही. या वेळी दुसऱ्या खोलीत जाण्याची पाळी माझी होती.

मुलगी माझ्याकडे एकूण १८ दिवस राहिली. ती जावयाच्या आदल्या रात्री मी डायरीचे ते पान उघडले. हिशोबाप्रमाणे ३४ अधिक पुढले, त्यांतून १८ वजा करावयाचे होते. पण ते दिवस एका आजारी आईच्या वाट्यातून आलेले होते; ते जमेस धरवेनात. आणि ते धरावयाचे नाहीत, तर आधीचे नावे तरी कोणाच्या टाकावयाचे? मी त्या पानावर आडवी रेघ मारली. मग कपाटातील अर्धी नोटीस काढली आणि चुलीत घातली.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई स्वतः मन्नाएखेळ्ळीस आली. २०१७ नंतर प्रथमच ती आमच्या अंगणात उभी होती, संकोचून, दारापासून लांब. माझ्या आईने एका तबकात नारळ, खण आणि हळदकुंकू ठेवून ते पायरीवर ठेवले आणि मागे सरली. “सून म्हणून नव्हे हो,” ती म्हणाली, “माझ्या नातीची आई म्हणून.” तिने तबक उचलले. दोघींच्याही तोंडांवर मुखपट्ट्या होत्या, त्यामुळे पुढे काय झाले ते मी सांगू शकत नाही.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून न्यायालयात अर्ज केला. हिंदू विवाह कायद्याच्या २६ व्या कलमान्वये मुलांविषयीचे आदेश वेळोवेळी बदलता येतात; आपले अशील भांडत असतानाच आम्ही वकील त्या कलमाची आठवण काढतो, हे आमचे दुर्दैव. जुन्या कलमाला नवे पोटकलम जोडले गेले: आजार किंवा आपत्तीच्या काळी मुलीचे आरोग्य आणि घरातील वृद्धांचे आरोग्य प्रथम; प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेथे रोजचा संपर्क; आजाराची खबर त्याच दिवशी; आणि बुडालेले दिवस सवडीने, हिशोबाविना. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट येऊन कर्नाटकात पुन्हा निर्बंध लागले, तेव्हा एका शब्दाचाही वाद न होता आम्ही त्याप्रमाणे वागलो.

ज्या १८९७ च्या साथरोग कायद्याचा आधार २०२० साली घेतला गेला, तो प्लेगासाठी केलेला होता. त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगाने गेल्या. एका आजारी मुलाला उचलून दवाखान्यात पोहोचवताना त्यांना तो रोग जडला होता. ते मूल त्यांचे नव्हते. कलबुर्गीचा पहिला बळी गेला तोही १० मार्चच. या योगायोगात मी काही अर्थ शोधत नाही. पण दुसऱ्याच्या लेकरासाठी माणसे जेथवर जातात, त्या मानाने स्वतःच्या लेकरासाठी आम्हां दोघांना थोडेसेच वाकावे लागले, एवढे मात्र मला कळते.

आपल्या समाजात घटस्फोट हा शब्द अजून देवळाच्या पायरीवर कोणी मोठ्याने उच्चारत नाही. त्यामुळे अशा घरांतील मुलांविषयीही बोलणे होत नाही, आणि त्यांचे आईबाप सल्ल्यासाठी सरळ आमच्यासारख्या वकिलांकडे येतात. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली आहे. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना मी एक प्रश्न विचारतो: आजारपणात काय कराल, हे तुमच्या कागदात कोठे आहे? बहुधा ते एकमेकांकडे पाहतात. त्या पाहण्यातूनच पुष्कळदा पहिले शहाणे कलम निघते.

मराठीत ‘आईबाप’ हा द्वंद्व समास आहे, कोंकणीत ‘आवय-बापूय’. संस्कृतात तर ‘पितरौ’ या एकाच द्विवचनी शब्दात दोघेही मावतात, आणि पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे. न्यायालय ‘पतिपत्नी’ हा समास सोडवू शकते. दुसरा सोडवण्याचा अधिकार त्याला दिलेला नाही, आणि आम्हांलाही नाही. हे कळावयास मला महामारी लागली.

आज लेक माझ्या खांद्याला लागली आहे. येत्या दुसऱ्या शनिवारी तिच्या शाळेत काही कार्यक्रम आहे, म्हणून ती येणार नाही. तिच्या आईने कालच कळवले. मी म्हणालो, “बरे आहे. मीच कार्यक्रमाला येतो.” आई म्हणते, जाताना पुरणपोळ्या ने, दोन डबे वेगवेगळे करू नकोस, एकच मोठा पुरेल.